छातीचा स्नायू, सोरायसिस आणि ग्रहणाचा बोल

पत्र :

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा मार्च २००० मध्ये झाला. जन्मापासून त्याची उजवी छाती सपाट आहे, तिथे मांसच नाही. काखेपाशी कातडीची घडी ताणल्यासारखी दिसते. उजव्या हाताची मधली तीन बोटं आखूड आणि एकमेकांना चिकटलेली होती, ती लहानपणी ऑपरेशन करून सुटी केली. तेव्हाच कागदावर 'पोलंड सिंड्रोम' असं लिहून मिळालं. मुलगा शिकला, पतसंस्थेत नोकरीला लागला. तीन वर्षांमागे कोपरं, गुडघे आणि डोक्यात चट्टे उठले, खपल्या पडायला लागल्या. सोरायसिस आहे म्हणाले. मलमं झाली, पण गुण टिकेना. मग नात्यातल्या एकाने कुणाकडून तरी पांढऱ्या पुड्या आणून दिल्या. चार दिवसांत अंग स्वच्छ झालं! पुड्या संपल्या की दुप्पट उठतं, म्हणून वर्षभर त्या चालूच आहेत. हल्ली तोंड सुजल्यासारखं दिसतं.

गेल्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचे आणि चट्ट्यांचे फोटो काढले. म्हणाले, या दोन गोष्टी एकत्र फार क्वचित दिसतात, आम्ही वैद्यकीय मासिकात छापू. तेव्हापासून घरात सगळे धास्तावलेत, की हा काही नवाच रोग आहे का? सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी ग्रहणात विळीवर बसले त्याचंच हे सगळं, आधी हात-छाती आणि आता कातडी. मी त्या संध्याकाळी खरंच भाजी चिरली होती. छाती ऑपरेशनने भरून येईल का? स्थळं येताहेत, मुलीकडच्यांना काय सांगायचं? त्याच्या मुलाबाळांना हे होईल का?

– एक आई

उत्तर :

ताई,

तुम्ही पुष्कळ विचारलंत, पण जे विचारलं नाहीत तिथून मला सुरुवात करू द्या. त्या पुड्यांपासून.

चार दिवसांत सोरायसिस साफ करणारी, बंद पडली की दुपटीने उसळू देणारी आणि वर्षभरात चेहरा गोल, सुजल्यासारखा करणारी पांढरी पूड म्हणजे बहुतेक वेळा कुटलेली स्टेरॉइडची गोळी असते. तुमच्या मुलाच्या पुडीत काय आहे हे तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मी तेच धरून चालते, आणि तुम्हीही तसंच धरून चाला. आता नीट वाचा : त्या पुड्या रागाने आजच उकिरड्यावर टाकू नका. वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. पुरवठा एकदम तुटला तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं. शिवाय सोरायसिसवर त्याचा वेगळाच परिणाम होतो. अंगभर लाली पसरते, नाहीतर पुवाच्या बारीक बारीक फोडांचं पीक येतं, ताप भरतो. अशा रुग्णाला दवाखान्यात दाखल करावं लागतं.

म्हणून उरलेल्या पुड्या पिशवीत घालून, मुलाला घेऊन, मिळेल त्या पहिल्या ओपीडीच्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मिरज-सांगलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. तिथे स्पष्ट सांगा, 'एवढ्या पुड्या, रोज इतक्या, वर्षभर.' डॉक्टर दुसरं औषध सुरू करून स्टेरॉइड पायरीपायरीने उतरवतील. त्याच भेटीत साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्यायला सांगा. आणि त्या आधीच ताप, अंगभर लाली किंवा पुवाचे फोड दिसले तर ओपीडीची वाट पाहू नका, रात्र असली तरी अपघात विभागात न्या. पुड्या घेतल्याबद्दल मुलाला बोलू नका. खाजेने रात्र रात्र जागलेला माणूस गुण देणारी वस्तू सोडत नाही.

आता तुमच्या मनातल्या मोठ्या प्रश्नाकडे येते. हे एकाच रोगाचे दोन चेहरे आहेत का? माझं उत्तर नाही असं आहे. तुमच्या मुलाला दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक जन्माआधीच घडून संपलेली आहे आणि दुसरी आज चालू आहे. दोन्हींचं एकच मूळ शोधण्याच्या नादात घर थकून जातं आणि उपचार मागे पडतात. असं होताना मी अनेक घरांत पाहिलं आहे.

पोलंड सिंड्रोमचा पोलंड देशाशी संबंध नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये अल्फ्रेड पोलंड नावाचा वैद्यकीय विद्यार्थी होता. १८४१ मध्ये त्याने एका २७ वर्षांच्या कैद्याच्या शवाचं विच्छेदन केलं. त्या माणसाच्या एका बाजूला छातीच्या मोठ्या स्नायूचा बराचसा भाग नव्हता. पोलंडने पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. पुढे १९६२ मध्ये पॅट्रिक क्लार्कसन या प्लास्टिक सर्जनने छातीचा स्नायू नसणं आणि त्याच बाजूची बोटं आखूड, जोडलेली असणं यांची सांगड घालून त्याला पोलंडचं नाव दिलं. म्हणजे तुमच्या मुलाची छाती आणि बोटं ही मात्र खरोखरच एका घटनेची दोन रूपं आहेत. काखेतली ती ताणलेली घडीही त्यातलीच.

ती घटना कोणती? सर्वांत जास्त मानला जाणारा तर्क असा : गर्भ सहा आठवड्यांच्या आसपास असताना, हात आणि छाती घडत असतानाच, त्या बाजूला रक्त नेणाऱ्या धमनीतला प्रवाह काही काळ कमी पडतो. तुम्ही शेतीवाल्या आहात असं धरून सांगते. पेरणी उगवून येण्याच्या दिवसांत पाटाच्या एका फाट्याचं पाणी अडलं, तर तेवढाच तुकडा विरळ राहतो. नंतर पाणी आलं तरी तो तुकडा भरत नाही, पण बाकीचं रान उत्तम येतं. हे साधारण वीस-तीस हजार बाळंतपणांत एखाद्या बाळाच्या बाबतीत घडतं. मुलींपेक्षा मुलांत जास्त आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त. घराण्यात दुसऱ्या कुणाला नसतानाच ते बहुधा येतं, आणि जन्मानंतर वाढत नाही.

आता ग्रहणाचं. मार्च २००० चा जन्म म्हणजे सासूबाई म्हणतात ते ग्रहण ११ ऑगस्ट १९९९ चं असणार. बुधवार होता, दिव्यांची अवस. गुजरातेतून मध्य भारताकडे खग्रास पट्टा गेला, आपल्याकडे संध्याकाळी पावसाळी ढगांतून खंडग्रास दिसलं असेल तेवढंच. तुम्हाला तेव्हा दुसरा-तिसरा महिना असणार. बोटं आणि छाती घडण्याचे दिवस जवळपास तेच. तारखा जुळतात हे मी मुद्दाम सांगते आहे. उद्या घरातल्या कुणी शिकल्या-सवरल्याने हा हिशेब मांडून तुमच्यापुढे ठेवला, तर तुम्ही पुन्हा खचू नये म्हणून.

तारीख जुळली म्हणून कारण सापडलं असं होत नाही, ताई. त्याच संध्याकाळी या देशात लाखो बायकांना दिवस गेलेले होते. त्यांतल्या असंख्य जणींनी भाजी चिरली, भाकरी थापल्या, कपडे शिवले. सासरच्या माणसांनी ग्रहणात कोपऱ्यात बसवून ठेवावं अशी चैन सगळ्यांना नव्हती. त्यांतल्या बहुतेकींची बाळं धडधाकट जन्मली. ग्रहण नसलेल्या वर्षांतही पोलंड सिंड्रोमची बाळं जन्मतात. ज्या लंडनमध्ये ग्रहणात विळीवर बसायचं नाही हे कुणाला ठाऊकही नव्हतं, तिथेही असा माणूस सापडला आणि त्याची नोंद झाली. विळीचा, सुरीचा, तुमच्या त्या भाजीचा याच्याशी काहीही संबंध नाही. डॉक्टर म्हणून मी हे पूर्ण जबाबदारीने लिहिते. पंचवीस वर्षं तुम्ही हा बोल मनात वागवलात याचं मला फार वाईट वाटतं. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांच्याशी भांडायची गरज नाही. नातवाचं दुखणं त्यांनाही समजून घ्यायचं होतं, आणि त्यांच्या हाताशी तेवढंच कारण होतं.

सोरायसिसची गोष्ट निराळी. आपली कातडी सतत नवी होत असते. खालून तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला एरवी महिनाभर लागतो, सोरायसिसमध्ये तोच प्रवास काही दिवसांत उरकतो. म्हणून जाड चंदेरी खपल्या साठतात. यामागे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेचं भडकलेपण असतं. त्याची प्रवृत्ती जनुकांतून येते, पण प्रत्यक्ष चट्टे उठवायला घशाचा संसर्ग, ताण, दारू, सिगारेट, काही औषधं अशी निमित्तं लागतात. विशीत तो सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. तो स्पर्शाने पसरत नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर नोटा देता-घेता कुणाला होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. धमनीतला गर्भावस्थेतला अडथळा आणि प्रतिकारयंत्रणेचा हा स्वभाव यांना जोडणारा दुवा वैद्यकशास्त्राला माहीत नाही. सोरायसिस शंभरात एखाद-दोघांना असतो. तेव्हा पोलंड सिंड्रोम असलेल्या हजारो माणसांपैकी काहींना तो होणारच.

मग डॉक्टरांनी फोटो का काढले? दुर्मीळ रुग्णाची नोंद लिहून छापणं ही वैद्यकातली जुनी आणि चांगली रीत आहे. अल्फ्रेड पोलंडनेही तेच केलं होतं. अशी नोंद एवढंच सांगते की या दोन गोष्टी एका माणसात एकत्र दिसल्या. एकीने दुसरी घडवली असं ती सांगत नाही, नवा रोग सापडला असंही नाही. मात्र छापण्यासाठी मुलाची लेखी संमती लागते. तो पंचविशीचा आहे, सही त्याची हवी, तुमची नाही. चेहरा, नाव, गाव येणार नाही ना हे त्याने विचारावं. नको वाटलं तर सरळ नाही म्हणावं, त्यामुळे उपचारांत कसर राहता कामा नये.

कारण एक नसलं तरी दोन्ही गोष्टी नांदतात एकाच अंगात, आणि काही ठिकाणी एकमेकींच्या आड येतात. माझ्या मते तुम्हाला खरं उपयोगी पडेल ते इथे आहे.

सगळ्यांत आधी उजवा हात. सोरायसिस असलेल्या दहांपैकी दोघा-तिघांना पुढे सांध्यांचा सोरायसिस होतो. बोट सबंधच्या सबंध सुजतं, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त हात आखडलेला राहतो, टाच दुखते, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे पडतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत धोका असा, की उजवा हात दुखला तर घरचे काय आणि घाईतले डॉक्टर काय, 'हात जन्मापासूनच तसा आहे' म्हणून सोडून देतील. पण जन्मापासूनचं ते व्यंग नव्याने सुजत नाही. ऑपरेशन झालेली बोटं पंचविशीत सुजली, आखडू लागली, तर ते सांध्यांचं दुखणं आहे असं धरून संधिवाततज्ज्ञाला दाखवा. सांधा एकदा झिजला की परत येत नाही. त्याच्या आखूड बोटांना तेवढी सूट नाही, लिहिण्या-मोजण्याचं काम तो त्याच हाताने करत असेल तर मुळीच नाही.

मग छातीचा एक्स-रे. सोरायसिसवरची काही प्रभावी इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयरोग नाही ना हे बघतात, आणि आपल्या देशात ते बघायलाच हवं. तुमच्या मुलाच्या उजव्या छातीवर स्नायूचा थर नसल्यामुळे एक्स-रेमध्ये ती बाजू डावीपेक्षा जास्त काळी दिसेल. माहीत नसलेल्याला वाटेल फुफ्फुसात बिघाड आहे, आणि मग नको ते स्कॅन होत राहतील. चिठ्ठीवर 'उजव्या बाजूला पोलंड सिंड्रोम' एवढं लिहून घ्या. पूर्वी कधी झाली नसेल तर पोटाची सोनोग्राफीही एकदा करून घ्या, या सिंड्रोमबरोबर क्वचित मूत्रपिंडात जन्मजात फरक असतो.

मलमांचं सांगायचं तर, त्या बाजूच्या कातडीखाली चरबी कमी असते, कातडी पातळ असते. तिथे आणि काखेच्या घडीत कडक स्टेरॉइड मलम फासू नका. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, खाज-खरूज-नायटा सगळ्यांवर चालणारी ट्यूब तर घरातच नको. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत कडक स्टेरॉइड असतं आणि कातडी आणखी पातळ होऊन तिच्यावर चिरा पडतात. अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन मात्र रोज, भरपूर, न कंटाळता. याचा गुण लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ आहे.

पुढच्या उपचारांत कदाचित विशिष्ट अतिनील किरणांचा शेक सुचवतील, कदाचित मेथोट्रेक्सेटची गोळी. शेक चांगला आहे, फक्त आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, तेव्हा नोकरीच्या वेळा बघून ठरवा. मेथोट्रेक्सेट जुनं, स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. त्या काळात दारू अजिबात नाही.

छातीच्या ऑपरेशनबद्दल. होय, आकार भरून काढता येतो. त्याच्याच अंगातली चरबी थोडी थोडी भरता येते, मापाने बनवलेलं सिलिकॉनचं रोपण बसवता येतं, किंवा पाठीचा रुंद स्नायू पुढे वळवता येतो. हा शेवटचा मार्ग सुचवला तर सर्जनला विचारा, तो पाठीचा स्नायू पूर्ण आहे ना? पोलंड सिंड्रोममध्ये कधी कधी तोही अपुरा असतो. शिवाय आधीच अशक्त असलेल्या हाताच्या बाजूचा एक कामाचा स्नायू केवळ आकारासाठी खर्च करावा का, याचा मी तरी दहादा विचार करीन. कारण यांतल्या कुठल्याच ऑपरेशनने ताकद येत नाही, फक्त शर्टाखाली छाती सारखी दिसते. ते 'फक्त' कमी नाही हेही मला माहीत आहे. विहिरीवर कधी सदरा न काढलेल्या मुलाला त्याचं मोल ठाऊक असतं.

इथेही सोरायसिस मध्ये येतो. हाइनरिश कोबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८७० च्या दशकात दाखवून दिलं, की सोरायसिसच्या रुग्णाची कातडी जिथे खरचटते, कापते, भाजते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. सर्वांनाच होतं असं नाही. मुलाला विचारा, खरचटल्यावर, दाढी करताना कापल्यावर, इंजेक्शनच्या जागी असं कधी झालंय का? होत असेल तर टाक्यांच्या रेषेवरही होईल, हे सर्जनला आधी कळायला हवं. स्टेरॉइड चालू असताना जखम नीट भरत नाही, पू धरायची भीती असते. तेव्हा क्रम असा ठेवा : पुड्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटू द्या, सोरायसिस काही महिने शांत राहू द्या, मग सरकारी रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरी विभागात भेट. व्यायामाला मात्र आजपासून हरकत नाही, वजन आटोक्यात राहिलं तर सोरायसिसही आटोक्यात राहायला मदत होते.

एक मात्र जाणवलं. एवढ्या मोठ्या पत्रात मुलगा स्वतः काय म्हणतो याचं एकही वाक्य नाही. ऑपरेशन त्याला हवंय की तुम्हाला? त्याला हात लपवावासा वाटतो का? तुमची काळजी मला पूर्ण समजते. तरी हे निर्णय त्याचे आहेत. सोरायसिसबरोबर खिन्नता पुष्कळांना येते, आणि आपल्याकडचे मुलगे ते बोलत नाहीत. तो मित्रांत जाईनासा झाला असेल, झोप उडाली असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना तेही सांगा.

राहता राहिलं लग्न. साखरपुड्याच्या आधी सांगा, आणि मध्यस्थाकरवी नको, मुलाने मुलीला स्वतः सांगावं. लपवलेली गोष्ट लग्नानंतर कळली की दुखणं बाजूला राहतं आणि फसवल्याची भावना उरते. सांगण्यासारखं थोडंच आहे. छाती आणि बोटं जन्मजात आहेत, वाढणार नाहीत, त्याचा संसाराला अडथळा नाही, आणि ते पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता फार कमी. सोरायसिस कायमचा बरा होत नाही, पण चांगल्या उपचारांनी कातडी वर्षानुवर्षं स्वच्छ राहू शकते, आणि तो बायकोला लागत नाही. आईबापांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात साधारण दहा ते पंधरा असते, म्हणजे न होण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि पुढे ती दोघं मूल हवं असं ठरवतील तेव्हा, दिवस जाण्याच्या बऱ्याच आधी, त्याने आपली औषधं डॉक्टरांना दाखवावीत. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते थांबवायचं की बदलायचं आणि किती महिने आधी, हे ते सांगतील.